पोत्यातली मिरची खर्चात धरायची नसते

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मंगळवार पेठेत माझा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. सहा वर्षांपूर्वी घरातून सुरू केला, आता भाड्याचा गाळा आहे, चार बायका कामाला आहेत. या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, विक्री ४८ लाखांच्या घरात जाईल. जीएसटी आहे, उद्यम नोंदणी आहे, बँकेत पाच लाखांचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही वर्षाची मिरची भरतो, ब्याडगी थेट ब्याडगीहून आणि संकेश्वरी गडहिंग्लजहून. माझे दीर म्हणतात, "वहिनी, एप्रिलवर ढकलू नका, सहा लाखांची मिरची मार्चमध्येच घेऊन टाका. खरेदी वाढली की नफा मारला जातो, टॅक्स वाचतो." सीए साहेब दर वर्षी जूनमध्ये फोन करून "सगळं घेऊन या" म्हणतात. सगळं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. मी एक पिशवी भरून देते. पुण्याच्या दोन दुकानदारांकडं दिवाळीपासूनचे १ लाख ८५ हजार अडकलेत. पुढच्या वर्षी मिरची कांडायचा स्वतःचा डंक घ्यायचाय, त्यासाठी कर्ज काढायचंय. ३१ मार्चच्या आत मी नेमकं काय करू?
— एक मसालेवाली, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमची ती पिशवी मला डोळ्यांपुढं दिसली. मार्केट यार्डात गुळाच्या पेढीवर मी दिवाणजी होतो, पुढं बरीच वर्षं लहान धंद्यांचे हिशेब लिहिले. अशा पिशव्या किती उपसल्या त्याला गणती नाही. वर लाइट बिल, खाली हॉटेलची पावती, मध्ये कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. त्या पिशवीत सगळं सापडतं, फक्त दोन गोष्टी कधी सापडत नाहीत. ३१ मार्चच्या रात्री गाळ्यात माल किती होता, आणि त्या रात्री कुणाकडून किती येणं होतं. बाकीचं सीए साहेब जूनमध्येसुद्धा पोर्टलवरून नाहीतर बँकेतून काढतील. या दोन गोष्टी तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतात, आणि १ एप्रिलला पहिलं पोतं फोडलंत की तुम्हालाही सांगता येत नाहीत.

आधी दिरांचा सल्ला बघू. मिरची मार्चमध्ये जरूर घ्या. नवा माल बाजारात आलेला असतो, ऊन कडक असतं, वाळवण झकास होतं; तुमच्या धंद्याचा हंगामच तो. पण टॅक्ससाठी म्हणून घेणार असाल तर काही हाती लागणार नाही. पोत्यात पडून असलेली मिरची खर्चात जात नाही. तो तुमचाच पैसा, नुसता रंग बदलून लाल झालेला. ती डंकाखाली जाऊन, पाकिटात भरून गिऱ्हाइकाच्या हातात पडली की मगच तिचा खर्च धरायचा.

आकडे मांडू. तुमच्या पत्रात फक्त विक्री आहे, बाकीचे मी अंदाजानं धरतो. विक्री ४८ लाख. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक माल ३ लाखांचा. वर्षभराची खरेदी ३६ लाख, त्यात ही मार्चमधली ६ लाखांची मिरची आली. पगार, भाडं, लाइट, पार्सल मिळून साडेसात लाख. दिरांच्या पद्धतीनं वजाबाकी केली तर हाती नफा उरतो दीड लाख. ते खूश. पण ३१ मार्चला गाळ्यात ती ६ लाखांची मिरची आहेच, शिवाय तयार चटणी, खोबरं, तीळ, पाकिटं असं दीड लाखाचं सामान आहे. हा साडेसात लाखांचा शिल्लक माल हिशेबात परत मिळवायचा असतो. मिळवला की नफा झाला ९ लाख. आता ती मार्चची मिरची घेतलीच नाही असं समजून पुन्हा मांडा. खरेदी ३० लाख, शिल्लक दीड लाख, नफा पुन्हा ९ लाखच. मिरची घेतली काय, न घेतली काय, नफ्याचा काटा जागचा हलत नाही.

यावर दीर म्हणतील, "मग शिल्लक माल कमी लिहायचा." मार्केटात हे चालतं, मला ठाऊक आहे. सरळ भाषेत ही लपवालपवी आहे, आणि लपवलेला नफा जात कुठंच नाही. या वर्षीचा शिल्लक माल हाच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल. तो शून्य लिहिलात तर पुढच्या वर्षी ती मिरची फुकटात आल्यासारखी होते, आणि सगळा नफा तिथं उसळून वर येतो.

आता खरी गंमत ऐका. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरून आयकर शून्य होतो. तुमचा नफा ९ लाख निघाला आणि शेअर-जमिनीच्या विक्रीसारखं वेगळ्या दराचं काही उत्पन्न नसेल, तर भरायचा कर शून्य. म्हणजे दीर जो टॅक्स वाचवायला निघालेत तो तुम्हाला लागलेलाच नाही. तो वाचवायला नफा दीड लाख दाखवलात, आणि तोच कागद घेऊन डंकाच्या कर्जासाठी बँकेत गेलात, तर मॅनेजर विचारणार, "वर्षाला दीड लाख कमावता, मग हप्ता कशातून भरणार?" मुद्रा असो की साधं मुदत कर्ज, बँक तुमचा नफा आणि रिटर्न बघूनच हात मोकळा सोडते.

जाता जाता आणखी एक. शेवटच्या आठवड्यात पॉलिसीवाले दारात येतील, "ताई, ८०सी" म्हणत. नव्या पद्धतीत ८०सीची, म्हणजे विमा-बचतीची, वजावट मिळत नाही. विमा हवा असेल तर विम्यासाठी घ्या, ३१ मार्चच्या धाकानं घेऊ नका. डंकही घसारा, म्हणजे झिजेची वजावट, मिळेल म्हणून मार्चमध्ये घाईनं उचलू नका. यंत्राला घसारा १५ टक्के खरा, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याचा निम्मा, आणि तोही यंत्र प्रत्यक्ष चालू झालं तरच. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. या सरत्या वर्षाचा हिशेब जुन्याच, १९६१च्या कायद्यानं होईल.

तुमचे सीए साहेब ४४एडी कलमानं, म्हणजे ठोक टक्केवारीनं रिटर्न भरतात का, तेवढं विचारून घ्या. त्यात रोखीच्या विक्रीवर निदान ८ टक्के आणि बँकेतून-यूपीआयनं आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के नफा धरला जातो. तसं असेल तर दिरांची मिरची आणखीनच निरुपयोगी, कारण खरेदी किती झाली हे तिथं कुणी विचारतच नाही. पण त्या रिटर्नमध्येही शिल्लक माल, येणं, देणं आणि हातातली रोकड हे आकडे भरावे लागतात. मोजणी काही टळत नाही. आणि टक्केवारीपेक्षा खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायची त्यात मुभा आहे. तुम्हाला कर्ज काढायचंय, तर दाखवा.

तुमच्याकडं सीसी आहे, तेव्हा आणखी एका खड्ड्याकडं बोट दाखवतो. बँकेला तुम्ही दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता. काहीजण त्यात माल भरपूर दाखवतात, म्हणजे कर्जाची मर्यादा टिकते. आणि सीएकडं माल कमी सांगतात. एका धंद्याच्या हिशेबात मी हे डोळ्यांनी बघितलंय. एकाच तारखेला, एकाच गोदामात, बँकेच्या कागदावर ११ लाखांचा माल आणि ताळेबंदात ४ लाखांचा. कर्ज वाढवायच्या वेळी दोन्ही कागद एकाच टेबलावर आले. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तुमचं मार्चचं स्टॉक स्टेटमेंट आणि सीएकडं जाणारी यादी एकच असली पाहिजे, नवीन काही बनवायचं नाही.

आणि यादी मोजूनच करायची. वहीवरून नाही. ही चूक माझीच आहे म्हणून सांगतो. पेढीवरच्या पहिल्या काही वर्षांत एका मार्चअखेरीला मी गुळाचे रवे मोजलेच नाहीत. वहीत आवक होती, जावक होती, वजाबाकी केली आणि आकडा लिहून टाकला. थप्पी समोर दिसत होती की! वळवाच्या पावसानंतर ती थप्पी हलवली तेव्हा मागच्या भिंतीकडची ओळ पाघळून एकमेकांना चिकटलेली, खालचे रवे तर नुसता चिखल. कधी पाघळले, मार्चच्या आत की नंतर, कुणाला सांगता येईना. शेठ मला काही बोलले नाहीत. पुढच्या ३१ मार्चला मात्र रात्री नऊ वाजता स्वतः कंदील घेऊन गोदामात आले, आणि मला एकेक रवा हात लावून मोजायला लावला.

या वेळी ३१ मार्च मंगळवारी येतोय. चैत्री पौर्णिमा आणि जोतिबाची यात्रा त्याच आठवड्यात, त्यामुळं गडबड असणार. शेवटचं पार्सल साडेपाचलाच सोडा आणि नंतर गाळ्याचं शटर अर्धं ओढा. तिघी बसा. एक वजन करेल, एक मोठ्यानं सांगेल, एक लिहील. लिहायचं जागेप्रमाणं, वस्तूप्रमाणं नाही, म्हणजे काही राहून जात नाही. गच्चीवर वाळत घातलेली मिरची. गाळ्यातली पोती. घरच्या माळ्यावरच्या बरण्या. कांडपाला दुसऱ्याच्या डंकावर दिलेला माल. कोल्ड स्टोरेजला ठेवला असेल तर तिथली पावती. आणि "विकलं की पैसे देतो" म्हणून महाद्वार रोडच्या दुकानांत ठेवलेली पाकिटं. तीही विकली जाईपर्यंत तुमचीच असतात. तसा परतीच्या बोलीवर दिलेला माल सहा महिन्यांच्या पुढं तिथं पडून असेल, तर जीएसटीच्या हिशेबानं त्याचं बिल करावं लागतं. कुठलं खोकं कधीपासून पडलंय, तेही लिहून घ्या.

प्रत्येक पोतं काट्यावर चढवा. बारदान वजा करा. "हे पन्नासचंच असतंय" असं चालायचं नाही. मिरची वाळते, हलकी होते. वर्षभर तुम्ही तिचे देठ खुडता, बी झडतं, उन्हात वजन उतरतं. ही घट किती, ते दर लॉटला वहीत टिपता का? टिपत नसाल तर या लॉटपासून सुरू करा. आणली तेव्हा इतकी, देठ काढून इतकी, वाळून इतकी. उद्या जीएसटीवाल्यांनी विचारलं की १,००० किलो घेतलीत आणि वापर कमी दिसतोय, बाकीची कुठं गेली, तर त्या तीन ओळी तुमच्या बाजूनं बोलतील. तोंडी "वाळली साहेब" याला किंमत नाही.

मग भाव. इथं बायका सरळ पाकिटावरची छापील किंमत लावतात, आणि नफा आधीच वाढवून बसतात. कच्च्या मिरचीला तुमची खरेदीची किंमत, अधिक हमाली, आडत, गाडीभाडं. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेतलंय ना, मग तो जीएसटी त्यात धरायचा नाही. तयार चटणीला मिरची-खोबरं-मसाल्याचा खर्च, तेल, कांडप आणि मजुरी. अर्धवट माल, म्हणजे तळून ठेवलेला कांदा, भाजलेले तीळ, तेही त्याच पद्धतीनं. आणि जे खराब झालंय त्याला खराबच लिहा. रंग उतरलेली गेल्या वर्षीची मिरची आज जेवढ्याला जाईल तेवढाच तिचा भाव. खरेदीची किंमत आणि आज मिळणारी किंमत यांतली जी कमी ती धरायची, असा नियमच आहे. घरच्या पत्त्याची छापलेली जुनी पाकिटं तुम्ही वापरणार नाही, ती रद्दी. मात्र माल फेकून दिलात, भुंगा लागला म्हणून नष्ट केलात, तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. फेकायच्या आधी फोटो काढा आणि सीएंना सांगा.

यादी झाली की खाली तिघींच्या सह्या. मोबाइलवर फोटो घ्या आणि त्याच रात्री सीए साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप करा. जूनची वाट बघू नका. त्या मेसेजवर पडलेली ३१ मार्चची तारीख पुढं कधीतरी उपयोगी पडेल.

आता पुण्याचे १ लाख ८५ हजार. इथं मार्च महिना तुमच्या बाजूनं आहे, आणि तुम्हाला ते माहीत दिसत नाही. तुम्ही स्वतः माल बनवता, उद्यममध्ये सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद आहे. तुमच्यासारख्यांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. त्याला आयकरात दात बसवले ते ४३बी(एच) कलमानं, हिशेबवर्ष २०२३-२४ पासून. मुदत उलटून गेलेलं बिल ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही, तर त्या दुकानदाराला ती खरेदी या वर्षी खर्चात धरता येत नाही. पैसे ज्या वर्षी देईल त्या वर्षीच धरता येते. १ लाख ८५ हजार त्याच्या नफ्यात वाढले की त्याचा सीए त्याला स्वतःहून फोन करायला लावतो, असा अनुभव आहे.

पण फोन तुम्ही आधी करा. आवाज चढवून नाही. "दादा, मार्चअखेर आहे, आमच्या वहीत तुमच्याकडं इतकं येणं दिसतंय, तुमच्याकडं जुळतंय का? आमची उद्यम नोंदणी आहे, तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या, ३१च्या आत दिलं तर तुम्हालाही बरं." बस्स. मागून व्हॉट्सअ‍ॅपवर बिलांची यादी आणि उद्यम नंबर. ते "जुळतंय" म्हणाले तर तो मेसेज जपून ठेवा, ती तुमची हिशेब जुळवणी झाली. उशिराच्या दिवसांवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचाही हक्क कायदा देतो, आणि तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. माझं मत विचाराल तर चालू गिऱ्हाइकाशी हे हत्यार म्यानातच राहू द्या. आणि तो दुकानदार ठोक टक्केवारीवर रिटर्न भरणारा असेल तर ४३बी(एच)ची भीती त्याला नाही. मग एस.टी.नं पुण्याला जाऊन समोर बसणं हाच उपाय. अर्धे तरी घेऊनच उठा.

एक सावधगिरी. या कलमाच्या धसक्यानं काही दुकानदार ३० तारखेला माल परत पाठवतात आणि "एप्रिलमध्ये नवीन बिल करा" म्हणतात. दिवाळीचा माल मार्चमध्ये परत घेऊ नका.

हाच नियम उलटाही लागतो. तुमची पाकिटं छापून देणारा शिरोलीचा किंवा इचलकरंजीचा कारखानदार सूक्ष्म-लघु उद्योगात असेल आणि तुम्ही पूर्ण हिशेबावर रिटर्न भरत असाल, तर त्याचं थकलेलं बिल ३१च्या आत मोकळं करा. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्या व्यापाऱ्याला, म्हणजे तुमच्या मिरचीच्या आडत्याला, हे कलम लागू नाही. पण त्याचं देणं १८० दिवसांच्या पुढं गेलं तर जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, म्हणून तोही हिशेब बघाच.

जीएसटीचं फार ताणत नाही. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी तुमच्या नावावर भरलेल्या बिलांचं पत्रक, तयार होतं. त्यात वर्षभराची तुमची खरेदीची बिलं दिसतात का, ते एका दुपारी बसून टिक करा. गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याचं बिल दिसत नसेल तर लगेच भांडू नका, तो तिमाही भरणारा असेल तर जानेवारी ते मार्चचं १३ एप्रिलपर्यंत भरेल. डिसेंबरच्या आधीचं दिसत नसेल तर मात्र आजच फोन. या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२६, पण नोव्हेंबरमध्ये तो व्यापारी तुम्हाला ओळख देईल याची खात्री काय? आणखी एक बारीक गोष्ट. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय. त्यानंतरच्या बिलावर खोकेवाल्यानं जुनाच दर लावलाय का, बघून घ्या.

"कंपोझिशन घ्या, एकच टक्का" असं कुणीतरी सांगेलच. ही जीएसटीची ठोक दराची योजना. दीड कोटींच्या आत उलाढाल असली की घेता येतं, आणि १ एप्रिलपासून हवं असेल तर ३१ मार्चच्या आत अर्ज करावा लागतो, हे खरं. पण मग राज्याबाहेर पार्सल पाठवता येत नाही. शिवाय त्या दिवशी हातात असलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. तुमच्या गाळ्यात नेमकी त्याच दिवशी वर्षाची मिरची भरलेली. बदलायचंच असेल तर हे गणित सीए साहेबांकडून कागदावर करून घ्या, तोंडी नको.

रोखीचं बघू. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतो: गाळ्यातला क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? बहुतेक घरांत तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या बचत खात्याचा असतो. विक्री तुमची, पैसा त्यांच्या खात्यात. १ एप्रिलला तो कागद भिंतीवरून काढा आणि तुमच्या करंट खात्याचा लावा. या वर्षी जे तिकडं गेलंय त्याची यादी काढून विक्रीत मिळवा. गल्ल्यातली रोकड ३१च्या रात्री मोजा आणि रोजमेळातल्या आकड्याशी लावा. फरक आला तर फरक लिहा, मारून मुटकून जुळवू नका. नणंदेकडं लग्नाला पाठवलेली दहा किलो चटणी, घरच्या किराण्याला काढलेले पैसे, हे सगळं "घरखर्च उचल" या एका नावाखाली जाऊ दे.

आडत्याला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख देऊ नका, पूर्ण हिशेबावर असाल तर तो खर्च मान्य होत नाही. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या मिरचीला ही अट नाही, पण त्याचं नाव, गाव आणि सही असलेली पावती लागते. आणि मिरचीसाठी दीर हातउसने देणार असतील तर २० हजार आणि त्यावरची रक्कम बँकेतूनच घ्या. त्यांना सांगा, टॅक्सचा नियम आहे, वहिनीचा अविश्वास नाही.

तर या वर्षीची पिशवी अशी भरा. वर मोजणीची यादी, तिच्याखाली येणं आणि देणं नावानिशी, मग रोकड मोजल्याचा कागद. त्याखाली सगळ्या खात्यांची १ एप्रिल ते ३१ मार्चची पूर्ण स्टेटमेंटं, सीसीचंही. कर्ज असेल तर व्याजाचा दाखला. खरेदीची बिलं महिन्यावार, प्रत्येक महिन्याला एक क्लिप. मोठ्या दुकानांनी किंवा ऑनलाइन विक्रीवाल्यांनी टीडीएस कापला असेल तर तो २६एएसमध्ये, म्हणजे आयकराच्या पोर्टलवरच्या तुमच्या कर-पत्रकात, आलाय का, याची एक चिठ्ठी. लग्नाची पत्रिका घरी ठेवा. हे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नेऊन दिलंत तर सीए साहेब चहा पाजतील. जूनमध्ये त्यांच्याकडं तुमच्यासारख्या चाळीस पिशव्या असतात.

१ एप्रिलला बिलाचे नंबर नव्यानं सुरू करा, वर्ष घालून. पूर्ण नंबर सोळा अक्षरांच्या आत बसला पाहिजे, तेव्हा ब्रँडचं लांबलचक नाव त्यात कोंबू नका. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आदल्या रात्रीची यादी जशीच्या तशी उतरवा.

आणि मोजणीच्या दिवशी सगळ्यांनी तोंडाला ओला रुमाल बांधा. लिहिणारीला दाराशी बसवा. आतली लवंगी-संकेश्वरीची पोती हलली की ठसका लागतो, मग ४७ किलोचे ७४ लिहिले जातात आणि तिघींतल्या एकीलाही कळत नाही.